मदत हवी आहे: ऑफिसच्या पीसींवर विंडोज अपडेट आपोआप होऊ द्यावेत की निवडून?

छोटं कर सल्लागार ऑफिस आहे. सहा पीसी, चारांवर विंडोज ११ प्रो, दोनांवर होम. टॅली, डिजिटल सहीचे टोकन, आणि एका पीसीला लावून नेटवर्कवर शेअर केलेला प्रिंटर. ११ आणि २० तारखेला जीएसटीची विवरणं असतात, तेव्हा मशीन अडून चालत नाही. नको ते अपडेट वगळून बाकीचे टाकता येतील का?

प्रतिसाद १
सुरक्षेचे अपडेट एकेक निवडता येत नाहीत. विंडोज १० पासून महिन्याचे सगळे पॅच (दुरुस्त्या) एकाच गठ्ठ्यात येतात आणि त्यात मागचेही असतात. तुमच्या हातात आहे ते फक्त 'कधी'. ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारे प्रोग्राम) आणि 'प्रिव्ह्यू' (चाचणीसाठी आधी दिलेले, ऐच्छिक) अपडेट मात्र खुशाल वगळा.

गठ्ठा महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी रात्री येतो, म्हणजे ८ ते १४ तारखेत. सात दिवस लांबवलात तर १५ ते २१, नेमका २० तारखेच्या तोंडावर. म्हणून १४ दिवस ठेवा. प्रोवर gpedit.msc (विंडोजचे नियम ठरवण्याचं साधन) उघडून विंडोज अपडेटच्या पॉलिसीत 'सिलेक्ट व्हेन क्वालिटी अपडेट्स आर रिसीव्ड' चालू करा, आकडा १४. तिथेच ड्रायव्हर न घेण्याची पॉलिसीही आहे. डिफेंडरच्या (विंडोजच्या अँटिव्हायरसच्या) व्हायरस व्याख्या यात अडकत नाहीत.

होमवर gpedit नाही. तिथे 'पॉज' वापरा, जास्तीत जास्त पाच आठवडे. मुदत संपली की आधी अपडेट टाकावेच लागतात.

प्रतिसाद २
१४ दिवस ठीक, पण एका प्रो पीसीवर अपडेट लांबवू नका. त्यावर आधी येऊ द्या आणि टॅली, टोकन, प्रिंट तपासा. शेअर केलेल्या प्रिंटरकडे खास लक्ष द्या: सप्टेंबर २०२१ च्या पॅचनंतर अशाच जोडणीत 0x0000011b एररने छपाई बंद पडली होती. प्रिंटरला नेटवर्क पोर्ट असेल तर थेट राउटरला जोडा, ही कटकटच मिटते.

आणि अपडेट कायमचे बंद करू नका, कळकळीने सांगतो. वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस १२ मे २०१७ ला पसरला. त्याचा पॅच १४ मार्चलाच आला होता. विंडोजमधल्या एखाद्या सुरक्षेच्या भोकाचा वापर करून हल्ले सुरू झाल्याची बातमी आली तर १४ दिवसही थांबू नका, त्याच संध्याकाळी टाका.

धागाकर्ता
पटलं. पण टाकल्यावर बिघडलं तर?

प्रतिसाद १
सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी, 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. मोठा वार्षिक फीचर अपडेट मात्र १० दिवसांतच मागे घेता येतो.

त्याआधी आजच एक काम करा. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये manage-bde -protectors -get c: चालवून बिटलॉकरची (ड्राइव्ह कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर घ्या, प्रत्येक पीसीची वेगळी. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर काही मशीन सुरू होताना थेट हीच की मागत होती. की नसेल तर ड्राइव्हवरचा डेटा उघडत नाही.