गिझरच्या कॉइलवर पांढरा थर, काय करू जी?

प्रश्न (मानेवाडा):
नळाला पेंचचं पाणी येते, पण उन्हाळ्यात टाकीत बोअरचं मिसळावं लागते. दोन वर्षांत गिझरची दुसरी कॉइल जळाली. काढून पाहिली तर अंड्याच्या टरफलासारखा थर! आई म्हणते, तूरडाळही शिजत नाही. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर 640 दाखवते.

उत्तर:
भाऊ, टीडीएस म्हणजे कठीणपणा (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) नव्हे, त्यात साधं मीठही मोजलं जाते. एकूण कठीणपणा वेगळा तपासून घ्या. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात तो लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत चालते, दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत. तापलं की पाण्यातलं बायकार्बोनेट कार्बोनेट होऊन कॉइलवर बसते. उष्णता बाहेर पडत नाही, कॉइल आतून जळते. थर्मोस्टॅट 75 अंशांवरून 60 वर आणा. टाकीतला मॅग्नेशियमचा दांडाही पाहा, तो झिजला की टाकी गंजते.

उत्तर:
वॉशिंग मशीनही सांभाळा. मी महिन्यातून एकदा निंबूसत टाकून रिकामी मशीन गरम पाण्यात फिरवते. त्यासोबत ब्लीच कधीच नको, विषारी वायू होते!

प्रश्नकर्ता:
प्लंबरला उद्याच बोलावतो. गिझरला फक्त नळाच्या पाण्याची वेगळी टाकी लावतो, बोअरचं संडासाला अन् झाडांना.