मोनो बंद झाल्यापासून म्हैसूर कॉलनी ते सात रस्ता कसं जायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी चेंबूरला म्हैसूर कॉलनीजवळ राहते. ऑफिस सात रस्त्याला, आर्थर रोडच्या बाजूला. मार्च 2019 मध्ये मोनोरेल वडाळ्याच्या पुढे संत गाडगे महाराज चौकापर्यंत (म्हणजेच सात रस्त्यापर्यंत) गेली, तेव्हापासून माझा रस्ता ठरलेला होता. घराजवळ चढायचं, शेवटच्या स्टेशनला उतरायचं. मध्ये बदलाबदली नाही. स्टेशनवर लिफ्ट, सरकता जिना. गाडीत बहुतेक वेळा बसायला जागा. भक्ती पार्क येईपर्यंत खिडकीतून मिठागरं आणि तिवरं बघायची, अँटॉप हिल गेलं की पर्समधून फणी काढायची. उतरेपर्यंत माणसात आलेली असायचे.

गाडी दर 18 मिनिटांनी यायची हे खरं. एक चुकली की तोंड वाकडं करून बसायचं. पण वेळ पाठ झाली होती, त्यामुळे सहसा चुकत नसे.

आता 20 सप्टेंबर 2025 पासून सगळंच बंद. नवीन गाड्या येणार, नवीन सिग्नल यंत्रणा बसणार, मग गाडी दर 5 मिनिटांनी धावणार असं सांगितलंय. धावेल तेव्हा धावेल. मला सोमवारी साडेनऊच्या आत पोचायचंय. ऑफिसात तीन लेट मार्कला अर्धा दिवस कापतात आणि ऑक्टोबरात माझा दीड दिवस गेलाय.

सध्या जाते ते असं : रिक्षाने चेंबूर स्टेशन, हार्बर लाइनच्या लोकलने कुर्ला, पूल चढून पलीकडे, तिथून स्लो लोकलने चिंचपोकळी, मग चालत सात रस्ता. दारापासून दारापर्यंत दीड तास. खरी अडचण वेळेपेक्षा गुडघ्याची आहे. डाव्या गुडघ्याला डॉक्टरांनी जिने टाळायला सांगितलेत. नऊच्या आसपास कुर्ल्याच्या पुलावर आपण चढत नाही, मागचे लोक आपल्याला चढवतात.

तर प्रश्न एवढाच की, कमीत कमी जिने आणि कमीत कमी बदल असलेला रस्ता कोणाला माहीत आहे का? रोज अख्खी टॅक्सी परवडणार नाही. स्कूटर येत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

रूळवेडा :

ताई, चिंचपोकळीला फास्ट थांबत नाही, त्यामुळे स्लोला पर्याय नाही. पण कल्याण-ठाण्याकडून भरून आलेल्या गाडीच्या वाटेला जाऊ नका. काही स्लो लोकल कुर्ल्याहूनच सुटतात. वेळापत्रकात बघून तुमच्या वेळेची एक हेरून ठेवा. बसायला मिळेल. पुलाचं मात्र काही करता येणार नाही. हार्बर एका टोकाला, स्लो दुसऱ्या टोकाला.

---

स्पष्टवक्ता :

कटू वाटेल, पण मोनो कायमची बंद करावी. पांढरा हत्ती आहे तो. 2014 मध्ये चेंबूर ते वडाळा डेपो सुरू केली, तेव्हापासून रिकामीच धावतेय. 2017 ला डबे जळाले, दहा महिने बंद. गाड्या मलेशियाच्या कंपनीच्या, सुटे भाग मिळेनात. यंदा 19 ऑगस्टला तर भर पावसात माणसं लटकली. तेवढ्या पैशात किती बस आल्या असत्या, हिशोब करा.

---

धागाकर्ती :

@रूळवेडा, धन्यवाद. कुर्ल्याहून सुटणारी गाडी हेरते.

@स्पष्टवक्ता, हत्ती पांढरा असेल हो, पण मी त्याच्यावर बसून रोज कामाला जात होते. आणि 19 ऑगस्टला ती गाडी रिकामी होती म्हणून नाही अडकली. पावसाने हार्बर बंद पडली म्हणून सगळे मोनोकडे धावले. 104 टन क्षमतेच्या गाडीत 109 टन भार झाला, वीज घेणाऱ्या भागाचा संपर्क तुटला आणि गाडी म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्कच्या मध्ये उभी राहिली. 582 माणसं अग्निशमन दलाने शिड्या लावून उतरवली. एरवी कोणी येत नाही म्हणून नावं ठेवायची आणि एक दिवस सगळे आले म्हणून पण नावं ठेवायची!

त्या संध्याकाळी मी ऑफिसातच अडकले होते. मुलगा घरून फोनवर फोन करत होता, "आई, तू त्या गाडीत नाहीयेस ना?" मी नाही म्हटल्यावर सुद्धा त्याने व्हिडिओ कॉल करून मागे ऑफिसची भिंत दाखवायला लावली. रात्री लालबागला मावसबहिणीकडे राहिले.

असो. विषयांतर नको. रस्ता सांगा.

---

मेट्रोप्रेमी :

मेट्रो 3 आता पूर्ण सुरू झालीय की. महालक्ष्मी स्टेशन सात रस्त्याजवळच आहे. कुर्ल्याहून दादर, दादरला मेट्रो पकडा, सिद्धिविनायक, वरळी, आचार्य अत्रे चौक, सायन्स सेंटर, महालक्ष्मी. एसी आहे, लिफ्ट आहे.

---

अणिकवाली :

@मेट्रोप्रेमी, दादर सेंट्रलपासून पश्चिमेला मेट्रोपर्यंत सकाळी नऊ वाजता कधी चालून बघितलंय का? फुलवाल्यांच्या टोपल्यांमधून? वर पूल आहेच. लिफ्ट काय, मेट्रोत पोचलेल्यांसाठी.

आणि आचार्य अत्रे चौक वेगळं, मोनोचं आचार्य अत्रे नगर वेगळं बरं का. नगर वडाळ्याला, चौक वरळीला. आमच्याकडे पाहुणे येणार होते, त्यांना मी अत्रे नगर सांगितलं, ते अत्रे चौकातून फोन करत होते. दोन्हीकडे अत्रेच, हलके घ्या.

मी भक्ती पार्कची. तुमचं दुःख मला कळतं. तुम्हाला निदान चेंबूर स्टेशन तरी आहे.

---

शिवडीकर :

नकाशा जरा फिरवून बघा. तुम्ही सगळे कुर्ल्यालाच का उतरताय? पनवेलकडून येणारी सीएसएमटी लोकल चेंबूरला पकडायची आणि बसून राहायचं. कुर्ला, चुनाभट्टी, जीटीबी नगर, वडाळा रोड, शिवडी, कॉटन ग्रीन. कॉटन ग्रीनला उतरा. तिथून काळाचौकी, लालबाग, चिंचपोकळीचा पूल ओलांडला की आर्थर रोड. टॅक्सीने तीनेक किलोमीटर असेल. पहिल्या दीड किलोमीटरला 31 रुपये, म्हणजे साठ-सत्तरच्या घरात. गाडी बदलायची नाही, कुर्ल्याचा पूल नाही. कुर्ल्याला निम्मा डबा उतरतो, म्हणजे तिथून बसायला जागा पण.

रस्ता नकाशावर उलटा दिसतो म्हणून कोणी सुचवत नाही. आम्ही शिवडीवाले असे उलटेच जातो.

---

रूळवेडा :

@शिवडीकर, मानलं. हे डोक्यात आलं नव्हतं. फक्त येताना लालबागला सिग्नलला अडकाल, त्याची दहा मिनिटं धरा.

---

स्पष्टवक्ता :

ताई, माझा मुद्दा तुमच्या विरोधात नव्हता. ऑफिसला एक अर्ज द्या. मोनो बंद असल्याची बातमी सगळ्या पेपरांत आलीय, कात्रण जोडा. तोंडी सांगितलेलं एचआरला ऐकू येत नाही, कागद दिसला की त्यांना फाइल उघडावी लागते. "सेवा सुरू होईपर्यंत अर्धा तास सवलत, संध्याकाळी भरून देईन" असं मागा. माफी मागू नका, वेळ मागा.

---

अणिकवाली :

+1. आणि गुडघ्याचं डॉक्टरांचं पत्र पण जोडा.

---

धागाकर्ती :

आठवडाभर सगळं करून बघितलं, म्हणून परत लिहितेय.

सोमवारी कुर्ल्याची लोकल. जागा मिळाली, पण ती पकडायला पूल पळत चढले, त्यामुळे संध्याकाळी गुडघा बटाट्याएवढा. रद्द.

मंगळवारपासून कॉटन ग्रीन. जिना तिथेही आहे, पण घाई नाही. कठडा धरून एकेक पायरी उतरता येते, मागून कोणी कोपर मारत नाही. पहिल्या दिवशी टॅक्सीवाला म्हणाला, एवढ्या जवळचं नाही घेणार. दुसरा घेऊन गेला, 68 रुपये झाले. ऑफिसात 9:22 ला अंगठा लावला. शिवडीकर, तुम्हाला पेढे!

बुधवारी गंमत झाली. कॉटन ग्रीनला उतरून टॅक्सीला हात करत होते तर शेजारी एक बाई पण हात करत होती. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. म्हैसूर कॉलनीच्या प्लॅटफॉर्मवर खांबाला टेकून रोज पोथी वाचणारी तीच! पाच-सहा वर्षं एकाच गाडीने जातोय, कधी एक शब्द बोललो नव्हतो. तिचं काम लोअर परळला. आता टॅक्सी दोघींत. ती चिंचपोकळीच्या पुलाआधीच उतरते आणि पुढे चालत जाते, मी सरळ पुढे. माझ्या वाट्याला चाळीस-पंचेचाळीस येतात. मोनोचं मोठ्यात मोठं तिकीट 40 चं होतं, त्यामुळे जीव फार जळत नाही. रिक्षा आणि लोकलचा पास वेगळा, तो हिशोब मी महिनाअखेरीपर्यंत करणार नाहीये.

एचआरला अर्ज दिला. कात्रण, डॉक्टरांचं पत्र, सगळं. पंधरा मिनिटांची सवलत मिळाली, अर्ध्या तासाची नाही. कापलेला दीड दिवस परत मिळणार नाही म्हणे, "पुढच्या महिन्यापासून लागू." स्पष्टवक्ता, तुमचं बरोबर होतं, त्यांना खरंच फाइल उघडावी लागली.

आता संध्याकाळचं राहिलं. साडेसहाला सात रस्त्याहून टॅक्सी कॉटन ग्रीनला यायला तयार होत नाही, आणि आली तरी हार्बरची गाडी सीएसएमटीहूनच भरून येते. लेडीज डब्यात दारात उभं राहायला पण जागा नसते. काल तीन गाड्या सोडल्या. पोथीवाली म्हणते, सात वाजेपर्यंत ऑफिसातच थांबावं. मला घरी जाऊन पोळ्या करायच्या असतात.

शिवडीकर, संध्याकाळी पण काही उलटा रस्ता आहे का?

---

शिवडीकर :

आहे. पण आधी सांगा, महालक्ष्मी स्टेशनपर्यंत चालवेल का? सपाट रस्ता आहे.

---

धागाकर्ती :

सपाट असेल तर चालवेल. सांगा.