बाटली ४० ची आणि सिरिंज नारिंगी टोपणाची: मात्रा कशी मोजावी?

प्रश्न:
माझ्या आईला गेल्या आठवड्यापासून ३०/७० इन्सुलिन (३० टक्के लवकर आणि ७० टक्के सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचे मिश्रण) सुरू झाले असून सकाळी २० आणि रात्री १० युनिट अशी मात्रा ठरली आहे. दवाखान्यातील सिस्टरांनी लाल टोपणाच्या सिरिंजने औषध भरायला शिकवले, परंतु काल दुकानदाराने नारिंगी टोपणाच्या सिरिंजा दिल्या. बाटलीवर ४० आययू प्रति मिली, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, असे छापले आहे. दोन्हींवर २० ची रेघ आहे, तरी नारिंगीत त्या रेघेपर्यंत औषध बरेच कमी दिसते. आज शेवटची लाल सिरिंज वापरली. रात्री काय करावे?

उत्तर १:
ताई, त्या सिरिंजा आजच बदलून आणा. लाल टोपणाची सिरिंज ४० च्या बाटलीसाठी असते आणि नारिंगी टोपणाची १०० आययू प्रति मिलीच्या इन्सुलिनसाठी. नारिंगीतील २० ची रेघ म्हणजे ०.२ मिली, त्यात तुमच्या बाटलीतील औषध भरले तर आईंना केवळ ८ युनिट मिळतील आणि साखर चढत राहील. याच्या उलट चूक अधिक घातक ठरते, कारण १०० चे इन्सुलिन लाल सिरिंजने २० पर्यंत घेतले तर ५० युनिट शरीरात जातात. आकडेमोड करून चुकीची सिरिंज वापरू नका. घाईच्या वेळी हिशेब चुकतोच.

उत्तर २:
माझ्या सासूबाईंना अकरा वर्षे मी इंजेक्शन देत आहे, म्हणून भरण्याविषयी लिहिते. ३०/७० चे औषध गढूळ असते आणि त्याचा साका तळाशी बसतो. म्हणून बाटली जोरात न हलवता तळव्यांमध्ये घोळवून, खालीवर करून, सगळीकडे सारखी दुधाळ होऊ द्यावी. जितके युनिट घ्यायचे तितकी हवा आधी बाटलीत सोडावी, मगच बाटली उलटी धरून औषध ओढावे. बेंबीपासून दोन बोटे जागा सोडावी आणि रोज ठिकाण बदलावे. मी सुरुवातीला एकाच जागी टोचत राहिले, तेथे गाठ झाली आणि साखर वरखाली होऊ लागली, याची मला आजही खंत वाटते.

प्रश्नकर्ती:
दुकानदाराने सिरिंजा बदलून दिल्या. रात्रीचे १० युनिट भरून जेवणाआधी टोचले, सुई आत ठेवून दहा आकडे मोजले. आईने विचारले, "झालं का?"