जीआर८६ की जीआर यारिस? मागची दोन चाकं की चारही?

तिसरा_गिअर

बरेच महिने याद्या करून, खोडून शेवटी दोनच नावं उरलीत: टोयोटा जीआर८६ (मागच्या चाकांवर चालणारी) आणि टोयोटा जीआर यारिस (ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांवर). दोन्हींपैकी जी घेईन ती मॅन्युअलच घेईन, त्यावर वाद नको. आत्ताची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी साधी हॅचबॅक आहे. तिने चांगली साथ दिली, पण तिच्याकडून शिकण्यासारखं आता फारसं उरलेलं नाही.

कागद समोर ठेवून निर्णय होतच नाही. ऑल व्हील ड्राइव्ह म्हणजे जड गाडी हे ऐकतच मोठा झालो, आणि इथे दोघींचंही वजन १,२८० किलोच्या आसपास. व्हीलबेससुद्धा (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) जवळपास सारखाच, दीड-दोन सेंटिमीटरचा काय तो फरक. खरा फरक बॉनेटखाली. ८६ ला २.४ लिटरचं बॉक्सर इंजिन, टर्बो नाही, २३४ पीएस ताकद आणि २५० एनएम टॉर्क (चाकं फिरवायचा जोर). यारिसला (२०२० ची, २६१ पीएसवाली, नंतरची सुधारित माझ्या आवाक्याबाहेर आहे) १.६ लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो, ३६० एनएम. शून्य ते शंभर ८६ ला ६.३ सेकंद लागतात, यारिसला ५.५.

वापर असा: रोजच्या कामाला घरात दुसरी गाडी आहे. ही सुट्टीच्या दिवशी पहाटे डोंगरातल्या रस्त्यांवर जाईल आणि अधूनमधून ट्रॅक डेला (आपलीच गाडी रेसट्रॅकवर चालवायचा दिवस). आमच्याकडे वर्षातला बराच काळ रस्ते ओले असतात. मागच्या सीटवर कधीमधी भाचा बसेल, अजून बूस्टर सीटच्या वयाचा आहे.

अडचण ही की मागच्या चाकांवर चालणारी गाडी मी ओल्या रस्त्यावर कधी चालवलेलीच नाही, आणि मनात धास्ती आहे. यारिस घेतली तर निर्धास्त वाटेल. पण मग मी काही शिकेन का, की सगळं गाडीच करेल आणि मी नुसता बसून राहीन? दोन्ही प्रकार ज्यांनी चालवलेत त्यांनी सांगा. ड्रॅग रेसचे व्हिडिओ पाठवू नका, सगळे बघून झालेत.

---

वळणाआधी_ब्रेक

यात विचार करण्यासारखं काय आहे राव? यारिस! ऑडीने १९८० मध्ये क्वात्रो आणली आणि रॅलीचं सगळं गणितच बदललं. १९८३ ला लान्सिया ०३७ ने मागच्या चाकांवर उत्पादकांचं जागतिक विजेतेपद मिळवलं ते शेवटचं. त्यानंतर रिअर व्हील ड्राइव्हच्या एकाही गाडीला ते जमलेलं नाही. रस्ता ओला असतो म्हणतोस आणि वर कोणती घेऊ म्हणून विचारतोस!

---

उजवा_पाय

रॅलीचा दाखला खरा आहे, पण रॅली बहुतेक माती, खडी आणि बर्फावर होते. त्याच १९८३ साली कोर्सिकाच्या डांबरी रॅलीत ०३७ च जिंकली होती. आणि तिसरा_गिअर खडीवर जाणार आहे असं मला कुठे दिसलं नाही.

मी ट्रॅकवर नव्या लोकांच्या शेजारी बसते, त्यांच्याच गाडीत. म्हणजे दोन्ही प्रकारच्या गाड्या मला रोजच्या आहेत आणि घाबरण्याचा अनुभवही दोन्हींमधला आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

ऑल व्हील ड्राइव्ह काम करते ती उजवा पाय खाली असताना. बस, एवढंच. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात. ओल्या उतारावर वळणाआधी थांबायचं असेल किंवा वेग मारायचा असेल, तर यारिसची पुढची दोन चाकं आणखी कोणत्या शाफ्टला जोडलीत याचा टायरला काही उपयोग नाही. टायरजवळ पकड ठरावीक असते. ती ब्रेकला द्या, वळायला द्या किंवा ओढायला द्या. पावसात चार चाकांची गाडी वळणातून बाहेर पडताना अशी काही सुटते की ड्रायव्हरला वाटतं, रस्ता कोरडाच आहे. मग पुढच्या वळणावर तो पंधरावीस किलोमीटर जास्त वेगाने येऊन पोचतो आणि ब्रेकवर पाय ठेवल्यावर कळतं की रस्ता ओलाच होता. माझ्या शेजारच्या सीटवरून मी सगळ्यात मोठ्याने ओरडले आहे ती याच जागी. रिअर व्हील ड्राइव्हवाला निदान मागच्या वळणातून निघतानाच सावध झालेला असतो, कारण गाडीने शेपूट हलवून त्याला सांगितलेलं असतं.

आता तुझ्या धास्तीबद्दल. मागच्या चाकांची भीती ही बहुतेक वेळा टर्बोची भीती असते. कमी आरपीएमवर काही नाही, मग एकदम सगळा टॉर्क येतो, आणि तोही गाडी तिरकी असताना. ८६ तशी नाही. २५० एनएम ३,७०० आरपीएमलाच मिळतात, टर्बो नसल्याने पाय जेवढा दाबाल तेवढंच आणि तेव्हाच येतं. २०१२ च्या पहिल्या ८६ मध्ये २०५ एनएम होते, तेही साडेसहा हजारांच्या जवळ, आणि मधल्या पट्ट्यात इंजिन रुसून बसायचं. नव्या गाडीत ते गेलं. मागे टॉर्सन डिफरन्शियल आहे, म्हणजे एक चाक घसरायला लागलं तरी दुसऱ्याला जोर मिळत राहतो. ट्रॅक मोडमध्ये इलेक्ट्रॉनिक्स थोडं घसरू देतं आणि मग आवरतं. मागचं टोक सुटतं ते हळूहळू, आणि बसायची जागा इतकी खाली आहे की डोळ्यांआधी कंबरेला समजतं.

तरी पावसात दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून निघताना आगाऊपणा केलास तर ती फिरणार, हे नक्की. आणि फिरायला लागली की घाबरून पाय एकदम काढलास तर आणखी फिरेल. वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात. ही एक सवय मोडायला लोकांना वेळ लागतो, विशेषतः तुझ्यासारख्या पुढच्या चाकांवर वाढलेल्यांना. तुमच्या गाडीत पाय काढला की नाक वळणात परत येतं, आणि शरीर तेच शिकून बसलेलं असतं.

"सगळं गाडीच करेल" हे मात्र यारिसवर अन्याय करणारं आहे. तिच्यात नॉर्मलला पुढे-मागे ६०:४०, स्पोर्टला ३०:७० आणि ट्रॅकला ५०:५० अशी टॉर्कची वाटणी आहे. दोन्ही अ‍ॅक्सलवर टॉर्सन असलेली आवृत्ती मिळत असेल तरच घे, उघड्या डिफरन्शियलवाली घेऊन नंतर हळहळायला होतं. ती गाडी वेगळी गोष्ट शिकवते: वळणात शिरताना ब्रेक थोडा ओढत न्यायचा, नाक आत घ्यायचं, गाडी वळली की मग निर्लज्जपणे पाय खाली. घाई करून आधीच पाय दिलास तर पुढची चाकं ओढायची आणि वळायची दोन्ही कामं मागतात आणि गाडी सरळ जाते. हातब्रेक ओढला की मागच्या चाकांची जोडणी सुटते, म्हणजे हेअरपिनवर रॅलीसारखी फिरवता येते. ज्याने हे डिझाइन केलं तो नक्कीच हसत असणार.

माझं मत ८६. कारण वेग. यारिसची मर्यादा कुठे आहे हे कळायला ज्या वेगाने जावं लागतं, तो डोंगरातल्या सार्वजनिक रस्त्यावरचा नाही. ८६ ची मर्यादा खाली आहे, हाताच्या अंतरावर. पायाने दिलेलं आणि गाडीने घेतलेलं याचा हिशेब कमी वेगातच लागतो. मर्यादेच्या साठ टक्क्यांवर यारिस तुला काहीच सांगणार नाही, फक्त पटकन पोचवेल. मात्र बर्फाचा प्रदेश असता, किंवा घरात ही एकच गाडी असती, तर मी हे लिहिलं नसतं.

---

वळणाआधी_ब्रेक

खडी-बर्फ म्हणून रॅली बाद केलीत, ठीक. मग डांबरावरचं घ्या. १९९६ ला ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धा ऑडी ए४ क्वात्रोने जिंकली, फ्रँक बिएला चालवत होता. १९९८ पासून चार चाकांच्या गाड्यांवर बंदीच आली. फायदा नव्हता तर बंदी कशाला?

---

उजवा_पाय

फायदा होताच, कोण नाही म्हणतंय? थांबलेल्या गाडीतून सुटताना, पावसात, टायर झिजल्यावर. शर्यतीत जिंकायचं असतं. त्याला शिकायचंय, आणि त्याचा प्रश्नही तोच आहे. चषक हवा असता तर मीही यारिसच म्हटलं असतं.

---

ग्रीसचे_हात

दोघांचं चालू द्या, मी खालून बोलतो, गाडीच्या खालून.

ऑल व्हील ड्राइव्ह घेणार असाल तर एक सवय लावून घ्या: टायर चारही एकदम. एक पंक्चर होऊन कामातून गेला आणि बाकी तीन अर्धे झिजलेले असले, तर नवा एकटा टायर बसवता येईलच असं नाही. नव्या टायरचा घेर मोठा, तो कमी फेरे फिरतो, आणि पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधलं क्लचचं कपलिंग तो फरक सतत घासून भरून काढतं. माझ्याकडे एक गाडी (कोणती ते सोडा) मागचे दोन नवे आणि पुढचे दोन टकले अशा अवस्थेत हायवेवरून लांबून आली होती. कपलिंगचं तेल काळं, जळका वास. मालक म्हणाला, "पण टायर त्याच कंपनीचे आहेत." कंपनीला काय घेऊन बसलात, घेर बघा! किती मिलिमीटर फरक चालतो हे गाडीच्या पुस्तकात असतं. पुस्तक डिकीत पडून असतं आणि कुणी उघडत नाही.

यारिसमध्ये तर पुढच्या आणि मागच्या बाजूचे गिअरचे रेशो मुद्दामच किंचित वेगळे ठेवलेत, वाटणी मागे जास्त नेता यावी म्हणून. म्हणजे ते कपलिंग तसंही कष्टाचंच. ट्रॅकवर नेणार असाल तर तेल बदलायचा काळ पुस्तकातल्यापेक्षा अलीकडे आणा. पुढचा गिअरबॉक्स, ट्रान्स्फर, मागचं डिफरन्शियल, तिन्हीकडचं. ८६ ला गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शियल, संपलं.

भाच्याचं म्हणाल तर दोन्हीकडे मागची सीट नावापुरतीच. ८६ मध्ये मुलाला आत घालायला पुढची सीट पाडून कमरेत वाकावं लागतं. यारिसलाही दारं दोनच आणि छप्पर मागे उतरतं, पण गाडी उंच आहे (१,४५५ मिमी, ८६ फक्त १,३१०), त्यामुळे पाठीला जरा बरं. डिकीचं मात्र उलटं निघतं. यारिसची १७४ लिटर, बॅटरीसुद्धा तिथेच कोंबली आहे. ८६ ची २२६. शिवाय ८६ ची मागची सीट सपाट पाडली की चार चाकं आत मावतात. ट्रॅकवर जायचे टायर वेगळे न्यायचे, तिथे बदलायचे, परत यायचं. माझ्या मते ज्याला ट्रॅक डेची आवड आहे त्याच्यासाठी ही एक गोष्ट शून्य ते शंभरमधल्या त्या पाऊण सेकंदापेक्षा मोठी आहे.

---

तिसरा_गिअर

चारही टायरचा मुद्दा डोक्यातच नव्हता, आभार. ताई, तुमचं वाचून ८६ कडे झुकलोय. यारिसमध्ये जे "सुरक्षित" वाटतं ते फक्त निघतानाचं आहे, हे पटलं. पण ओल्यातली धास्ती लिहून जाणार नाही. सुरुवात कुठून करू? आणि टेस्ट ड्राइव्हला दोन्ही मिळणार आहेत, त्यात काय बघू? शोरूमचा माणूस शेजारी असताना गाडी आडवी करता येणार नाही.

---

उजवा_पाय

आडवी करायची गरजही नाही.

८६ मध्ये दुसऱ्या गिअरला मोठं, मोकळं, उघडं वळण शोध. ठरावीक वेगाने जाताना पाय हळूच दे, हळूच काढ. दिलास की मागची बाजू जराशी खाली बसून ढकलते, काढलास की नाक आत येतं. तेवढं जाणवलं की बास. तेच वळण यारिसमध्ये आधी नॉर्मलला, मग स्पोर्टला घे. नॉर्मलमध्ये पाय दिल्यावर स्टिअरिंग हातात किंचित ताणल्यासारखं होतं का, आणि स्पोर्टमध्ये ते कमी होतं का, एवढं बघ. क्लच आणि गिअरही बघ. यारिसचा टॉर्क तीन हजारांपासून येतो, त्यामुळे गिअर न बदलताच भागतं. ८६ ची ताकद सात हजारांपर्यंत चढते, तिथे हात सतत कामात राहतो. काहींना यातच जास्त मजा येते, काहींना कटकट वाटते. ते तुझं तूच ठरव.

गाडी घेतल्यावर धास्तीचं औषध म्हणजे ओला स्किड पॅड. ट्रॅकवाले पाणी मारून देतात. एका वर्तुळात सारखं फिरायचं, दुसऱ्या गिअरला, वेग इतका कमी की लाज वाटावी. हळूहळू पाय वाढव, मागचं टोक सुटेपर्यंत. सुटलं की स्टिअरिंग सुटलेल्या बाजूला, नजर जिथे जायचंय तिथे, आणि पाय अर्धा काढायचा, पूर्ण नाही. आधी ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवून, मग ट्रॅक मोड, पूर्ण बंद सगळ्यात शेवटी. पहिल्या दिवशी बंद करणारे लोक मी बघितलेत, ते फिरतात आणि हसतात, पण शिकत काही नाहीत.

डोंगरात सराव करू नकोस. तिथे एका बाजूला दरी असते आणि समोरून येणाऱ्याने तुझा सराव बघायचं कबूल केलेलं नसतं.

---

ग्रीसचे_हात

टेस्ट ड्राइव्हला निघायच्या आधी टायरचं नाव आणि हवा बघून घ्या. ८६ ची १८ इंची चाकं असतील तर सहसा मिशलिन पायलट स्पोर्ट ४ असतात, १७ इंचीवर साधे प्रायमसी. एक गाडी एकावर आणि दुसरी दुसऱ्यावर चालवलीत तर तुलना टायरची होईल, गाड्यांची नाही. आणि सकाळ फार थंड असेल, पारा सात अंशांच्या खाली, तर दोन्हींचे उन्हाळी टायर कडक झालेले असतात. पहिली काही मिनिटं ८६ विनाकारण वात्रट वाटेल. थोडं गरम होऊ द्या, मग मत बनवा.