दिवसातून दोनदा ब्रश करूनही हिरड्यांतून रक्त येतं, खालच्या दातांमागे किटण चढतं. काय चुकतंय?

रानवारा

सकाळी आणि रात्री नेमाने ब्रश होतो. दर वेळी चार-पाच मिनिटं, कडक केसांचा ब्रश, चांगला जोर लावून. नंतर माउथवॉश. तरी थुंकीत रक्ताची छटा दिसतेच. स्केलिंग (दंतवैद्याकडून किटण काढणं) करून घेतलं की काही महिन्यांत खालच्या पुढच्या दातांना आतून पिवळट किटण पुन्हा चढतं. वरच्या सुळ्यांजवळ हिरडी मागे सरकली आहे, थंड पाणी लागलं की तिथे कळ येते.

विचारायचं ते असं: रक्त येतं ती जागा ब्रश करताना सोडून द्यायची का? फटींसाठी फ्लॉस घ्यावा की ते बारीक ब्रश? ब्रश नाश्त्याच्या आधी करावा की नंतर? आणि माउथवॉश खरंच लागतो का?

अक्कलदाढ

ती जागा अजिबात सोडू नका. निरोगी हिरडीतून मऊ ब्रशने रक्त येत नाही. रक्त येतंय म्हणजे हिरडीच्या कडेला जिवाणूंचा थर (प्लाक) साचून राहिला आहे आणि हिरडी सुजली आहे. तो भाग टाळला की थर वाढतो, सूज वाढते आणि रक्तही वाढतं. हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये केलेला प्रयोग 1965 साली प्रसिद्ध झाला. त्यात निरोगी हिरड्या असलेल्यांना दातांची सफाई पूर्ण बंद करायला सांगितलं होतं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या. सफाई पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या बऱ्या झाल्या. सूज हिरडीपुरती असते तोवर ती अशी उतरते. आतलं हाड झिजायला लागलं की ते आपोआप भरून येत नाही, म्हणून रक्ताकडे आत्ताच लक्ष द्यायचं.

तुम्ही वेळ भरपूर देताय, जोरही गरजेपेक्षा जास्त लावताय. राहून जातेय ती जागा. ब्रश आडवा, जोरात फिरवला की तो दाताच्या फुगीर भागावरूनच जातो. दात आणि हिरडी जिथे मिळतात ती बारीक खाच तशीच राहते. शिवाय सुळा जबड्याच्या वळणावर पुढे आलेला असतो आणि त्याच्यावरचं हाड पातळ असतं. कडक ब्रशचा मार तिथे सर्वात जास्त बसतो, हिरडी मागे हटते आणि मूळ उघडं पडतं. मुळावर इनॅमल (दाताचं कठीण बाहेरचं आवरण) नसतं, म्हणून थंड लागलं की कळ.

आता पद्धत. मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश घ्या. मुठीत न आवळता पेनासारखा बोटांत धरा, म्हणजे जोर आपोआप कमी होतो. केस हिरडीच्या दिशेने 45 अंशांत तिरपे ठेवा: अर्धे दातावर, अर्धे हिरडीच्या कडेवर. केसांची टोकं खाचेत शिरतील इतकाच दाब द्या. केस वाकून पसरले तर दाब जास्त झाला. मग तिथल्या तिथे, दोन-तीन मिलिमीटरच, दहा-पंधरा वेळा मागे-पुढे हलवा आणि शेवटी ब्रश हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवून घ्या. एका वेळी दोन-तीन दात होतात. पुढे सरकताना आधीच्या जागेचा थोडा भाग पुन्हा घ्या, म्हणजे मधली जागा सुटत नाही. चावायच्या बाजूवर मात्र साधं मागे-पुढे चालतं.

कुठून सुरू करता यालाही महत्त्व आहे. बहुतेक जण पुढच्या दातांच्या बाहेरून सुरुवात करतात आणि आतल्या बाजूपर्यंत पोचेतो हात उरकायला लागतो. तुम्ही खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूपासूनच सुरू करा. तिथे ब्रश उभा धरून त्याच्या टोकाचे केस वापरायचे, एकेक दात खालून वर. जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट थरात उतरतं आणि त्याचं किटण होतं. हे एक-दोन दिवसांतच सुरू होऊ शकतं आणि एकदा कठीण झालेला थर ब्रशने निघत नाही. वरच्या पहिल्या दाढांची गालाकडची बाजू ही किटणाची दुसरी आवडती जागा, कारण तिच्याजवळच, दुसऱ्या दाढेसमोर, कानापुढच्या लाळग्रंथीचं तोंड गालात उघडतं. शेवटच्या दाढेमागे ब्रश शिरत नसेल तर तोंड अर्धवट मिटा. गाल सैल पडतो आणि जागा मिळते.

एकदा बसलं की हे सगळं दोन मिनिटांत होतं. सुरुवातीला चार लागली तरी लागू द्या.

सायली_दंत

वरच्या प्रतिसादातलं तंत्र बरोबर आहे, पण नुसत्या ब्रशने रक्त पूर्ण थांबेल असं धरून चालू नका. दाताला पाच बाजू असतात. ब्रश बाहेरची, आतली आणि चावायची बाजू घेतो. शेजारच्या दातांकडच्या दोन बाजू राहतात, आणि हिरड्यांचा आजार बहुधा तिथूनच सुरू होतो.

फ्लॉस की बारीक ब्रश हे फट बघून ठरवा. हिरडीचं त्रिकोणी टोक फट पूर्ण भरत असेल तर फ्लॉस. हिरडी मागे सरकून फट मोकळी दिसत असेल तर ते बारीक ब्रश, म्हणजे इंटरडेंटल ब्रश. कारण साधं आहे: मुळाच्या बाजूला खोलगटपणा असतो, ताणलेला दोरा त्याच्या वरूनच जातो, केस आत पोचतात. एकाच तोंडात दोन-तीन मापं लागणं अगदी नेहमीचं. तार दाताला न घासता आत जायला हवी आणि केसांचा थोडा अटकाव जाणवायला हवा. जोर लावावा लागला तर माप लहान करा, काहीच जाणवलं नाही तर मोठं घ्या. त्यावर पेस्ट लावू नका, उघड्या मुळावर पेस्टमधले कण घासले जातात.

फ्लॉस साधारण 45 सेंटिमीटर तोडा, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा आणि मध्ये दोन-तीन सेंटिमीटरच ताणून धरा. फटीत करवतीसारखा हळूहळू हलवत उतरवा. खटकन दाबला तर हिरडी कापली जाते, आणि मग ‘फ्लॉसमुळे रक्त येतं’ म्हणून लोक तो कायमचा बंद करतात. खाली पोचल्यावर दोरा एका दाताला बिलगवा, हिरडीच्या कडेखाली किंचित जाऊ द्या आणि चार-पाच वेळा वर-खाली करा. मग त्याच फटीतल्या दुसऱ्या दाताला तसंच. दोरा नुसता आत-बाहेर ओढला तर अडकलेलं अन्न निघतं, प्लाक दाताला चिकटलेलाच राहतो. एकाच ठिकाणी फ्लॉस वारंवार फाटत असेल तर तिथे किटण, कीड किंवा भरलेल्या सिमेंटची खरबरीत कड असू शकते. ते दाखवून घ्या.

दिवसातून एकदा पुरे, शक्यतो रात्री ब्रशच्या आधी. पहिले काही दिवस रक्त जास्त दिसेल, त्याला घाबरू नका. दोन आठवडे नीट करूनही त्याच जागी येत राहिलं, तर हिरडीखाली किटण असण्याची शक्यता मोठी, आणि तिथे घरचं कोणतंच साधन पोचत नाही. दंतवैद्याकडे पॉकेटची (दात आणि हिरडी यांमधल्या खाचेची) खोली मोजून मागा. 1 ते 3 मिलिमीटर ठीक. 4 किंवा जास्त आणि सोबत रक्त असेल तर नुसतं वरवरचं स्केलिंग पुरत नाही.

धूम्रपान करणाऱ्यांना एक सूचना इथेच देते. त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं आणि आजार आत वाढत राहतो. रक्त नाही म्हणून त्यांनी निर्धास्त राहू नये.

ताम्हण

पेस्ट आणि माउथवॉशबद्दल. तुमच्या क्रमात एक चूक आहे: ब्रशनंतर लगेच माउथवॉश.

गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की जिवाणू काही मिनिटांत आम्ल तयार करतात. पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं विरघळायला लागतात. उघडं मूळ तर त्याही आधी, 6 च्या वरच. लाळ हे आम्ल निवळते आणि खनिजं परत बसवते, पण त्याला अर्धा ते एक तास लागतो. दिवसभर थोडं थोडं खाणाऱ्यांच्या दातांना हा वेळच मिळत नाही. झोपेत लाळ फारच कमी होते, म्हणून रात्रीचा ब्रश कधीच चुकवायचा नाही आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही.

फ्लोराइड खनिजं परत बसायला मदत करतं, पण ते दातावर राहिलं पाहिजे. फ्लोराइडच्या पेस्टमध्ये साधारण 1000 ते 1500 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) असतं, ट्यूबवर बघून घ्या. फ्लोराइडच्या नेहमीच्या माउथवॉशमध्ये अनेकदा 225 पीपीएमच्या आसपास. म्हणजे ब्रशनंतर लगेच चूळ भरून तुम्ही जास्तीचं धुऊन कमी लावताय. पेस्ट थुंकून टाका, चूळ भरू नका. माउथवॉश वापरायचाच तर दुपारी जेवणानंतर वगैरे. एरवी तो सक्तीचा नाही, चिकटलेला प्लाक त्याने सुटत नाही.

क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश वेगळा. ते औषध आहे, सांगितलं असेल तेवढेच दिवस, सहसा एक-दोन आठवडे. जास्त काळ वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. पेस्टमधल्या फेसाच्या घटकाने त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून ब्रश आणि ते यांत किमान अर्धा तास ठेवा.

कळ येते तिथे 5 टक्के पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट दोन्ही वेळा वापरा. फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात, चार दिवसांत सोडू नका. कोळशाच्या किंवा दात पांढरे करणाऱ्या खरखरीत पावडरी मात्र पूर्ण बंद.

नाश्त्याआधी ब्रश करा. रात्रीत साचलेला थर निघतो आणि खाण्याआधी फ्लोराइड लागतं.

रानवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रमच उलटा होता, हे आता दिसतंय. दोन शंका उरल्या. नाश्त्याआधी ब्रश केला तर अन्नकण दिवसभर तसेच राहणार ना? आणि स्केलिंगनंतर दातांत फटी पडल्यासारखं वाटतं, दात हलकेच सैल लागतात. वारंवार स्केलिंगने दात खिळखिळे होतात का?

अक्कलदाढ

नाश्त्यानंतर साध्या पाण्याने दोन-तीन वेळा खळखळून चूळ भरा, तेवढं पुरतं. नंतरच ब्रश करायची सवय मोडत नसेल तर तीही चालेल. फक्त आंबट फळं, रस किंवा कॉफी झाली असेल तर अर्धा तास थांबा, आम्लाने मऊ झालेलं इनॅमल लगेच घासलं की झिजतं. उलटी झाल्यावरही हेच: आधी चूळ, ब्रश नंतर.

स्केलिंगने दात सैल होत नाहीत. किटण दातांच्या मधल्या जागा भरून टाकतं, कधी शेजारचे दात एकमेकांना बांधल्यासारखे धरून ठेवतं. ते निघालं की मूळची जागा जाणवते, शिवाय हिरडीची सूज उतरल्याने फट आणखी मोठी दिसते. दात खरोखर हलत असेल तर त्याचं कारण आधीच झिजलेलं हाड, आणि ते थांबवायलाच किटण काढावं लागतं. बोटाने किंवा जिभेने दात हलताना जाणवत असेल, हिरडीतून पू येत असेल, तर पुढच्या ठरलेल्या तपासणीपर्यंत थांबू नका.

ब्रश तीन महिन्यांनी बदलायचा. केस त्याआधीच बाहेर फाकले तर लगेच बदला, आणि जोर अजून जास्त लागतोय असं समजा. आपण कुठे चुकतो हे बघायचं असेल तर प्लाक रंगवणाऱ्या गोळ्या मिळतात. रात्री ब्रश केल्यावर एक चघळा, एकदा चूळ भरा आणि आरशात बघा. जिथे रंग उरतो तिथे ब्रश पोचलेला नाही. त्या जागा पुन्हा घासा, शेवटी पेस्टचा हात फिरवून थुंका. आठवड्यातून एकदा केलं की हाताला जागा कळायला लागतात. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू बघायला छोटा आरसा तोंडात धरावा लागेल, समोरच्या आरशात ती नीट दिसत नाही.