सालाझारशाहीला ‘फॅसिस्ट’ म्हणावं का?

फोंडेकर: क्रांतिदिनाच्या (१८ जून) अंकासाठी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या उदयावर लेख लिहितोय. आपण गोव्यात सर्रास ‘फॅसिस्ट’ म्हणतो, इतिहासकार मात्र बिचकतात. का?

मांडवीकाठ: कारण क्रम उलटा आहे. मुसोलिनी-हिटलरची आधी रस्त्यावरची संघटना, मग सत्ता. पोर्तुगालात २८ मे १९२६ ला लष्कराने उठाव केला, १९२८ मध्ये कोइंब्रा विद्यापीठाच्या या प्राध्यापकाला, म्हणजे सालाझारला, अर्थखातं दिलं, १९३२ मध्ये तो पंतप्रधान झाला. निळ्या सदऱ्यांची खरीखुरी फॅसिस्ट संघटना १९३४ मध्ये त्यानेच मोडली! सलामी ठोकणारी मोसिदाद ही सरकारी युवक संघटना १९३६ ची, म्हणजे सत्ता हातात आल्यावरची. चळवळ आणि राजवट वेगवेगळ्या लिहा, निम्मा वाद तिथंच मिटतो.

आग्वादची भिंत: निम्माच. सेन्सॉर, गुप्त पोलीस, एकच पक्ष हे सगळं होतंच की. शिवाय १९३० चा ‘आक्तु कोलोनियाल’ हा वसाहतींविषयीचा कायदा विसरू नका, गोव्याचे नेते लुईस मिनेझिस ब्रागांझांनी त्याच वर्षी त्याविरुद्ध आवाज उठवला होता. लिस्बनहून ती ‘सौम्य हुकूमशाही’ दिसेल, गोव्यातल्या आग्वाद तुरुंगाच्या कोठडीतून नाही.

मांडवीकाठ: मान्य. पण शिवी म्हणून शब्द वापरला तर लेख तिथंच संपतो.

जुनी कात्रणं: फोंडेकरबाब, ‘सत्ता बळकावली’ हे क्रियापद आधी खोडा. जर्मनीत नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझींची मतं ३७.३ वरून ३३.१ टक्क्यांवर घसरली होती. तरी ३० जानेवारी १९३३ ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने हिटलरला चॅन्सेलर नेमलं, मंत्रिमंडळात त्याच्यासह नाझी फक्त ३. मुसोलिनीला सत्तेवर आणणारा १९२२ चा ‘रोमवरचा मोर्चा’ घ्या: इटलीच्या राजाने लष्करी कायद्याच्या हुकुमावर सही केली नाही आणि मुसोलिनी मिलानहून रात्रीच्या गाडीने आला. पुढचं सगळं आपल्याला ठाऊक असतं, म्हणून लिहिताना सगळे रस्ते हुकूमशाहीकडेच उतरतात असं वाटू लागतं. त्यावर उतारा एकच, प्रत्येक टप्प्यावर सही कोणाची आणि तारीख कोणती ते लिहा.

फोंडेकर: आणि पोर्तुगालच्या नव्या घटनेवरचं १९३३ चं सार्वमत?

जुनी कात्रणं: तिथं बरेच जण फसतात. १९ मार्चला मतदानाला न आलेल्यांनाही घटनेच्या बाजूने धरलं होतं. नुसता ‘हो’चा आकडा छापू नका, गैरहजर किती ते वेगळं दाखवा. त्या काळच्या पोर्तुगीज वर्तमानपत्रांचा आधार घेत असाल तर ‘सेन्सॉरने तपासले’ अशी ओळ अंकावर शोधा. ती सापडली की ‘जनतेने स्वागत केलं’ हे वाक्य वर्तमानपत्राच्या तोंडी ठेवा, स्वतःच्या नको.