अनुभव धागा: मित्रमैत्रिणींसोबत धावलेली मुंबई मॅरेथॉन

जानेवारीचा तिसरा रविवार जवळ आला की ओळखीतल्या निम्म्या लोकांच्या स्टेटसवर बिबचे, म्हणजे धावताना लावायच्या नंबरपट्टीचे, फोटो झळकायला लागतात. 2004 पासून ही मॅरेथॉन होतेय, तेव्हा इथेही बरेच धावलेले, निदान चाललेले, असणारच. टायमिंग नि पीबीचं (स्वतःच्या सर्वोत्तम वेळेचं) कौतुक आपण नंतर करू. इथे सोबतीबद्दल लिहा. गटाने नावं दिलीत, अंधारात एकत्र उभे राहिलात, पुढे काय झालं? शेवटपर्यंत बरोबर होतात की वाटेत पांगलात?

सुरुवात मीच करते. आम्ही चौघी, कॉलेजपासूनच्या, सगळ्या हाफवाल्या, म्हणजे एकवीस किलोमीटरच्या. शर्यतीच्या आदल्या रात्री रेल्वे जादा लोकल सोडते. डोंबिवलीला चढलो तर एरवी त्या वेळी ओस असणारा लेडीज डबा रंगीबेरंगी बुटांनी भरलेला आणि बामाचा वास नुसता कोंदलेला. एकीने दुसरीच्या पाठीला बिब लावून दिला. तो छातीवर लावायचा असतो हे समोरच्या काकूंनी सांगितल्यावर चारही टाचण्या पुन्हा काढल्या. दादरला गाडी बदलून माहीम, तिथून रेती बंदर, आमची हाफ सुरू होते ती जागा.

वांद्रे-वरळी सी लिंकवर एरवी पायी जाता येत नाही, स्कूटरलाही बंदी. त्यामुळे तिथे आल्यावर आमच्यातली सगळ्यात घाईची बाईसुद्धा फोटोला थांबली. करार असा होता की वरळीपर्यंत बरोबर आणि पुढे जिची तिची. मला अजूनही हाच करार बरा वाटतो. कुणी कुणावर रुसत नाही.

पुणेकर, फुल मॅरेथॉनवाला

आमचा करार शेवटपर्यंतचा होता, आणि तो मित्राने पाळला. आधीच्या टायमिंगवरून उभं राहायचे गट ठरतात. तो पुढच्या गटात, मी पार मागे. मागच्या गटात यायला कोणी अडवत नाही, म्हणून हा पठ्ठ्या आपली जागा सोडून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "वेडा आहेस का?" तर म्हणे, "गप, गाणं लाव."

आम्ही धावलो तेव्हा पेडर रोड फुल मॅरेथॉनवाल्यांना दोनदा लागला. जाताना अंधार होता, पायात जोर होता, चढ कधी संपला ते कळलंही नाही. परतताना तोच चढ पस्तीस किलोमीटरच्या पुढे आला, आणि तोवर ऊन वर आलेलं होतं. महालक्ष्मीच्या देवळाची गल्ली मागे पडली आणि माझ्या पोटरीत गोळा आला. असा की पाय टेकवेना.

"तू हो पुढे."

"पुढच्या खांबापर्यंत चल. तिथून पुढच्या खांबापर्यंत पळू."

"अरे तुझं टायमिंग..."

"खांब बघ."

असं खांबाखांबाने जसलोक हॉस्पिटल गाठलं. फुटपाथवर एक आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर स्टीलचा डबा. माझा हात ओढून त्यांनी तळव्यावर चिमूटभर मीठ ठेवलं, वर संत्र्याची सोललेली फोड दिली आणि म्हणाल्या, "बुडवून खा, आणि आता उभा राहू नकोस." केम्प्स कॉर्नरचा उतार लागला की सुटलो असं वाटतं, पण मांड्या खऱ्या बोलतात त्या उतारावर. चौपाटीपासून पुढे मरीन ड्राइव्हला सावली नावाला नाही. सीएसएमटीला, फिनिशला, आम्ही एकत्रच पोचलो. त्याने चार तासांच्या आतली वेळ माझ्यापायी घालवली, हे तो दर पार्टीत ऐकवतो. ऐकवू दे.

ठाण्याची धावपटू

वरच्यांशी प्रेमाने असहमत. दुसऱ्याच्या वेगाने धावलं की दोघांचंही वाटोळं होतं. आपल्यापेक्षा हळू धावणंही सोपं नसतं, तितका जास्त वेळ पायांवर राहावं लागतं. मैत्री सरावाला ठेवा, रविवारच्या लाँग रनला, नंतरच्या मिसळीला. शर्यतीत मी झेंडा घेतलेल्या पेसरची, म्हणजे ठरावीक वेळेच्या वेगाने धावणाऱ्याची, बस पकडते, त्याच्यामागचा घोळका. तिथले अनोळखी लोक ऐन वेळी सख्ख्यांपेक्षा कामाला येतात, कारण त्यांना तुमची दया येत नाही!

एक कामाची गोष्ट: संपल्यावर भेटायची जागा आधीच ठरवा. आझाद मैदानाच्या गर्दीत फोन लागेलच असं नाही. आम्ही मेट्रो सिनेमाच्या कोपऱ्यावर भेटतो.

न्यू जर्सीहून

मुंबई नाही, न्यूयॉर्क चालेल ना? नोव्हेंबरचा पहिला रविवार. आदल्या रात्री इथली घड्याळं एक तास मागे जातात, म्हणून एक तास झोप फुकट मिळते. शर्यत सुरू होते त्या स्टेटन आयलंडवर थंडीत कुडकुडत तासन् तास बसावं लागतं. लोक जुने स्वेटर घालून येतात आणि सुरू होताना काढून टाकतात. ते गोळा करून दान करतात. आमच्या मराठी टोळक्याने दिवाळीतल्या उरलेल्या शंकरपाळ्या तिथे संपवल्या. व्हेराझानो पूल चढेपर्यंत बरोबर होतो. ब्रुकलिनमध्ये जे पांगलो ते थेट सेंट्रल पार्कात भेटलो.

ड्रीम रनवाला

आम्ही ऑफिसची वरात. सहा किलोमीटरच्या आसपास अंतर, टायमिंग नाही, धावायला जागाही नाही. आमच्या साहेबांनी दर शंभर पावलांवर सेल्फी काढला. मजा आली, पण याला धावणं म्हणू नका.

शिवाजी पार्कचा प्रेक्षक

मी धावत नाही, धावणाऱ्यांना खायला घालतो. संक्रांत नुकतीच झालेली असते, म्हणून आमच्या इमारतीतल्या मंडळींनी एकदा कॅडल रोडला तिळगुळाचे लाडू वाटायला घेतले. फुल मॅरेथॉनवाले परतताना तिथून जातात. तोंडाला कोरड पडलेली, त्यात कडक पाकाचा लाडू! एकाने भिडेखातर तोंडात टाकला आणि पुढच्या चौकापर्यंत त्याला "थँक्यू" म्हणता येईना. त्याच्या दोस्ताने आमच्याकडे असं पाहिलं की आम्ही ताट खाली ठेवलं. यंदा लाडवांऐवजी गुळाचं पाणी ठेवावं म्हणतोय. धावणाऱ्यांनो, चालेल का? लिंबू पिळू की नको?